‘लैंगिक अर्बुदनाशक’ की ‘लिंगसंलग्न अर्बुदरोधक’?

राजारामपुरीतील एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, कर्करोगावरील एका व्याख्यानाच्या पत्रकात ‘सेक्स-लिंक्ड ट्यूमर सप्रेसर जीन’ याला ‘लैंगिक अर्बुदनाशक जनुक’ असा प्रतिशब्द छापला आहे, तो योग्य मानावा काय? त्यातील ‘अर्बुद’ आणि ‘जनुक’ हे शब्द ठीक आहेत. उरलेले दोन्ही बदलावेत, असे माझे मत आहे. ‘अर्बुद’ तर सुश्रुतसंहितेपासून गाठीसाठी वापरात आहे. (दहा कोटींनाही अर्बुदच म्हणत, पण येथे तो गोंधळ संभवत नाही.)

‘नाशक’ म्हटले की कीटकनाशक आठवते : आधी कीड पडते, मग फवारणी होते. हे जनुक गाठीची वाट पाहत नाही. निरोगी पेशीतही ते विभाजनाला आवर घालत असते. उसाने भरलेली गाडी उतारावर आली की गाडीवान कासरा ताणून धरतो, तो बैल उधळल्यावर नव्हे. म्हणून ‘रोधक’. ‘दमनकारी’ही चालेल, पण मला त्यात बंड मोडल्याचा सूर ऐकू येतो.

‘लैंगिक’ने होणारा घोटाळा अधिक गंभीर आहे. संस्कृतात लिंग म्हणजे खूण. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, धूर हे अग्नीचे लिंग मानले जाते. आजच्या मराठीत मात्र ‘लैंगिक’चा अर्थ इतका आकसला आहे की, पत्रक वाचणारा हे जनुक जननेंद्रियांच्या कर्करोगाशीच जोडील. वास्तविक येथे संबंध आहे तो लिंगगुणसूत्राशी, म्हणजे लिंग ठरविणाऱ्या एक्स वा वाय गुणसूत्राशी. ‘केडीएम६ए’ हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि त्यातील बिघाड आढळतो तो मूत्राशयाच्या कर्करोगात, वारंवार.

हा संबंध महत्त्वाचा का, तेही सांगतो. अशा जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईकडून, एक वडिलांकडून आलेली) बिघडल्या की आवर सुटतो, हा विचार अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये डोळ्यातील एका अर्बुदावरून मांडला. पुरुषात एक्स एकच, म्हणून तेथे एकच आघात, म्हणजे एकाच प्रतीतील बिघाड, पुरू शकतो. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स निष्क्रिय असतो, हे ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडले होते. मग तिलाही एकच प्रत उरत नाही काय? बहुतेक जनुकांबाबत उरते, परंतु काही जनुके त्या निष्क्रियतेतून निसटतात आणि त्यांच्या दोन्ही प्रती चालू राहतात. २०१७ मध्ये संशोधकांनी अशी सहा अर्बुदरोधक जनुके दाखवून, पुरुषांत अनेक कर्करोग अधिक का आढळतात याचे एक कारण त्यांत पाहिले.

तेव्हा ‘लिंगसंलग्न अर्बुदरोधक जनुक’ असे छापावे. ‘लिंगनिगडित’ही चुकीचे नाही, मात्र ‘संलग्न’मध्ये गुणसूत्राला चिकटून असणे अधिक नेमके उतरते.