प्रशिक्षण घेऊनही शिक्षिका वाचन जुन्याच पद्धतीने का शिकवतात?

आपला प्रश्न असा आहे: संस्थेतील बालवाडी, पहिली आणि दुसरीच्या शिक्षिकांना उन्हाळ्याच्या सुटीत अक्षरांचे आवाज जुळवून वाचन शिकवण्याचे चांगले प्रशिक्षण दिले, त्यांना ते पटलेही, तरी ऑगस्ट उजाडेपर्यंत सर्वजणी पुन्हा मुलांकडून मुळाक्षरे गिरवून घेऊ लागल्या, हा आळस समजावा की आडमुठेपणा? मी बरीच वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षक आणि नंतर केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणारा अधिकारी, होतो. माझ्या मते हे दोन्ही नाही. आपल्या शाळेत जे तपासले जाते, तेच त्या करीत आहेत.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. शाळाभेटीला गेलो की मी वह्या मागवीत असे, सुबक अक्षर पाहून शेरेबुकात ‘काम समाधानकारक’ असे लिहीत असे आणि एखाद्या मुलाला धडा वाचायला उभे करीत असे. एकदा पहिलीतल्या एका मुलाने अख्खे पान न अडखळता वाचले. त्याचे बोट ओळीच्या शेवटी पोचले, तेव्हा तोंडात अजून दोन शब्द शिल्लक होते. मी त्याच पानावरची अक्षरे घेऊन फळ्यावर ‘कमान’ लिहिले. मुलाने ‘क’, ‘मा’, ‘न’ असे तिन्ही बरोबर ओळखले आणि नंतर माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. बाई ओशाळल्या. खरे तर ओशाळायला मी हवे होते, कारण सुटे आवाज जुळवून शब्द होतो की नाही, हे त्या वर्गात मी आजवर कधी विचारलेच नव्हते.

गिरवलेले पान दिसते. पालकांना दाखवता येते, त्यावर सही करता येते. आवाज जुळवण्याचा तास संपल्यावर हातात काहीच उरत नाही. वर्गात पस्तीस मुले असतील आणि बाहेर मुख्याध्यापिका वह्यांचा गठ्ठा मागत असतील, तर कोणतीही शहाणी बाई काय निवडेल?

दुसरी अडचण अक्षरांच्या क्रमाची आहे आणि तिच्याकडे प्रशिक्षणात फार कमी लक्ष दिले जाते. मराठीत ‘क’पासून ‘ळ’पर्यंत 34 व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडी (ॲ आणि ऑ आल्यापासून खरे तर चौदाखडी) धरली, तर पाठ करायची रूपे 400 च्या पुढे जातात. हे सगळे संपल्यावर पहिला शब्द वाचायचा म्हटले, तर मुलाचे वर्ष जाते. म्हणून नव्या पद्धतीत अक्षरगट घेतात. म, क, ल, न, र ही पाच अक्षरे आणि एक काना एवढ्यावर कान, नाक, मका, रान, काम, मामा असे शब्द पहिल्या महिन्यातच वाचता येतात. पण ऑगस्टमध्ये एखादी आई दारात येऊन विचारते, ‘बाई, शेजारच्या शाळेत ज्ञपर्यंत झालं, तुमचं अजून मकाच चाललंय का?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, हे बाईंना कोणी शिकवलेले नसते. मग त्या घाबरून पुढची अक्षरे उरकतात आणि गाडी मूळ पदावर येते.

वागणूक खटकली की माणसाच्या स्वभावाकडे बोट दाखवणे सोपे जाते. कोसबाडला गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा बालशिक्षणतज्ज्ञ अनुताई वाघ यांनी त्यांना वा त्यांच्या आईबापांना दोष दिला नाही. मुले जिथे गुरे चारीत होती तिथेच कुरणशाळा भरवली. तोच न्याय शिक्षिकांनाही लावायला हवा.

प्रत्यक्षात आधी वह्यांची तपासणी निम्म्यावर आणा. त्याऐवजी महिन्यातून एकदा वर्गातली कोणतीही पाच मुले जवळ बसवून, शिकवून झालेल्या अक्षरांचे पण पुस्तकात नसलेले शब्द वाचायला द्या. ‘लामक’, ‘लारन’ असे निरर्थक शब्दही चालतील. मुलांना गंमत वाटते आणि पाठांतर लगेच उघडे पडते. ‘दिवा’सारख्या शब्दात पहिली वेलांटी अक्षराआधी दिसते आणि उच्चारात नंतर येते, तिथे मूल अडखळले तर ते दोषाचे मानू नका. पालकसभेत भाषण न करता एखाद्या मुलाकडून असे शब्द सर्वांसमोर वाचून घ्या. दारातल्या त्या आईला उत्तर तिथे मिळते. मुख्याध्यापिकांनी आठवड्यातून अर्धा तास स्वतः पहिलीला शिकवावे, म्हणजे पस्तीस मुलांपुढे ही पद्धत कशी जमते हे त्यांनाही कळेल.

एक धोका मात्र आहे. 5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. ते योग्यच आहे. पण चाचणीचा उतारा आधीपासून ठाऊक असला, तर वर्गात त्याचाच सराव चालतो. म्हणून आपले शब्द दर वेळी नवे असू द्या आणि त्यांचे गुण कोणाच्याही गोपनीय अहवालात नेऊ नका.

हे सर्व दिवाळीपर्यंत सातत्याने करूनही एखाद्या शिक्षिकेच्या वर्गात फरक पडला नाही, तर शाळा सुटल्यावर त्यांच्याशी एकट्यात बोला आणि ‘कोणत्या क्षणी जुन्याकडे वळावेसे वाटते?’ एवढेच विचारा. माझ्या केंद्रातल्या एका बाईंनी या प्रश्नावर सांगितले होते की, जोडाक्षरे कशी घ्यायची हे प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी होते आणि त्या दिवशी त्या रजेवर होत्या.