हरण्याची चिन्हं दिसत असताना अमेरिकेत नेते उपाध्यक्षपदाची उमेदवारी का स्वीकारतात?

कारण निवडणूक हरली तरी नाव देशभर होतं. फ्रँकलिन रूझवेल्टच बघा. १९२० मध्ये लोक डेमोक्रॅटिक पक्षावर नाराज होते, तरी ३८ वर्षांचे रूझवेल्ट राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जेम्स कॉक्स यांच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी उभे राहिले. रेल्वेने फिरून सभांमागून सभा घेतल्या, ठिकठिकाणचे कार्यकर्ते ओळखीचे झाले. दोघंही दणकून हरले. पण पराभवाचं खापर सहसा मुख्य उमेदवारावर फुटतं. १९३२ मध्ये रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. माझ्या मते ही ओळख हीच खरी कमाई.

काहींना तर जागाही सोडावी लागत नाही. टेक्सासच्या कायद्यामुळे तिथले सिनेटर लॉइड बेंटसन १९८८ मध्ये दोन्हीकडे उभे होते: उपाध्यक्षपद हुकलं, सिनेटची जागा राखली.