गोव्याचं बजेट नक्की कुठे फुटतं?

मागच्या अंकात आम्ही सुट्टीच्या खर्चाबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर निम्म्याहून जास्त पत्रं आणि मेल एकट्या गोव्यावरच आले, आणि सगळ्यांचा सूर एकच, की अहो आमचा गोवा कुठे गेला? म्हणून हा अख्खा कॉलम गोव्यालाच देऊन टाकलाय, उटीवाल्यांनी थोडं थांबा.

प्रश्न : कॉलेजात असताना आम्ही मित्र एसटीने गोव्याला जायचो. कळंगुटला कुणाच्या तरी घरामागची खोली मिळायची, मासे-भात खायचो, आणि परत येताना खिशात पैसे उरायचे. आता बायको, दोन मुलं आणि आई असे पाच जण नाताळात चार दिवस जायचं म्हणून ऑनलाइन बघितलं तर नुसत्या रूमचेच आकडे बघून बायको म्हणाली, त्यापेक्षा महाबळेश्वरला जाऊ. गोवा आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर गेलाय का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी वहिनींना सांगा की नाताळात महाबळेश्वरही काही स्वस्त नसतं! आता तुमचा प्रश्न. तुम्ही बघितलेला आकडा खोटा नाही, पण तो गोव्याचा आकडा नाही, तो २० डिसेंबर ते २ जानेवारीचा आकडा आहे, आणि माझा अंदाज आहे की तुम्ही सवयीने कळंगुटच टाइप केलं असणार. म्हणजे वर्षातले सगळ्यात महाग दिवस आणि गोव्यातला सगळ्यात महाग पट्टा, दोन्ही एकदम.

ती घरामागची खोली का गेली तेही समजून घ्या, नाहीतर आपण उगाच हॉटेलवाल्यांना शिव्या घालत बसतो. पूर्वी हिवाळ्यात ब्रिटिश, रशियन असे चार्टर विमानाने येणारे लोक दोन-दोन आठवडे राहायचे, त्यांना साधी स्वच्छ खोली पुरायची, आणि खोलीवाल्यालाही सीझनभर भाडं चालू राहायचं. सप्टेंबर २०१९ मध्ये थॉमस कुक ही ब्रिटिश कंपनी बुडाली, मागोमाग कोविड, आणि तो गिऱ्हाईक एकदम आटला. त्याच सुमारास दिल्ली-मुंबई-बंगलोरची मंडळी वर्क फ्रॉम होम करत गोव्यात आली, त्यातल्या बऱ्याच जणांनी घरंच घेतली, जागांचे भाव चढले, आणि जिथे खोली होती तिथे स्विमिंग पूलवाला व्हिला उभा राहिला. आता धंदा सगळा शुक्रवार-शनिवारवर आणि लग्नांवर चालतो, मग रेटही शुक्रवार-शनिवारचेच लागणार ना.

तर करायचं काय. एक म्हणजे तारीख हलवा. जानेवारीचा दुसरा पंधरवडा घ्या, २६ जानेवारीची जोडसुट्टी टाळा, रविवारी दुपारी पोचा आणि गुरुवारी निघा, मुलांची तीन-चार दिवस शाळा बुडेल पण त्याने काही आयआयटी हुकत नाही. आणि राहायला सिकेरी-कांदोळीपासून बागापर्यंतचा पट्टा आणि हणजूण-वागातोर-आसगाव हे आधी बाजूला ठेवा. आई आणि मुलं बरोबर आहेत तर बाणावली, कोलवा, वार्का या बाजूला बीचपासून थोडं आत बघा, किंवा सरळ पणजीत राहा. पणजी लोकांना सुचतच नाही का कोण जाणे! पर्यटन महामंडळाच्या रेसिडेन्सी, म्हणजे सरकारी हॉटेलं, पणजी आणि मिरामारला आहेत, मिरामारचा समुद्र पायी, फोंतेन्हासची जुनी घरं पायी, कदंबचा, म्हणजे गोव्याच्या एसटीचा, स्टँड तिथेच, आणि मांडवीच्या पलीकडे जायला फेरीबोट, जुन्या फेरीबोटीत पायी माणसाला तिकीटच नाही. मुलांना तर पॅरासेलिंगपेक्षा फेरीबोट जास्त आवडते असं माझं निरीक्षण आहे, खरं-खोटं तुम्ही बघा.

अजून एक, टॅक्सची गंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून रूमचा दिवसाचा रेट ७,५०० पर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्याच्या वर गेला की एकदम १८. म्हणजे ७,५०० ची रूम टॅक्ससकट ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची पडते ८,९६८ ला. शंभर रुपयांच्या फरकाला हजारावर फटका! नाताळात साधी हॉटेलंसुद्धा ही रेघ ओलांडतात, म्हणून टॅक्स धरूनच रेट विचारा. आणि इचलकरंजीहून तुम्ही आंबोली घाटाने स्वतःच्या गाडीने येऊ शकता, हा तुमचा सगळ्यात मोठा फायदा आहे, कसा ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : ऑफरमध्ये मोपाचं विमान स्वस्तात मिळालं म्हणून खूश होतो. हॉटेल पाळोळेला. एअरपोर्टवरून टॅक्सीचा रेट ऐकला तर विमानाच्या तिकिटापेक्षा जास्त! ही लूट कोणी थांबवत का नाही?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दादा, लूट म्हणण्याआधी नकाशा बघा. मोपा पेडणे तालुक्यात, म्हणजे गोव्याचं वरचं टोक, पाळोळे काणकोण तालुक्यात, म्हणजे खालचं टोक. शंभरेक किलोमीटर होतात, तुम्ही जवळजवळ अख्खं राज्य ओलांडलंत. जानेवारी २०२३ पासून मोपा सुरू झालं आणि तेव्हापासून हे फार लोकांचं होतंय, तिकिटावर नुसतं ‘गोवा’ वाचतात आणि एअरपोर्ट कुठला ते बघतच नाहीत. दक्षिणेला राहायचं तर दाबोळीचं, म्हणजे जुन्या एअरपोर्टचं, विमान बघा, हजार रुपये जास्त पडलं तरी घ्या. उत्तरेला राहायचं तर मोपा.

आता टॅक्सी महाग का. गोव्यात ओला-उबर चालत नाही, तिथल्या टॅक्सी मालकांचा त्याला पहिल्यापासून विरोध आहे. २०१८ मध्ये गोवा माइल्स हे अ‍ॅप आलं, त्यालाही विरोध झाला पण ते चालू आहे, एअरपोर्टवर प्रीपेड काउंटरही असतं, दोन्हीकडचे रेट बघून घ्या. टॅक्सीवाल्यांचं म्हणणं असं की तुम्हाला सोडून येताना गाडी रिकामी येते आणि कमाई खरी सहा महिन्यांचीच. यात तथ्य आहे, आणि तरीही दोन-चार किलोमीटरला ते जे सांगतात ते जास्तच असतं, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

माझं मत विचाराल तर गोव्यात बजेट रूममध्ये फुटत नाही, ते दोन ठिकाणांच्या मधल्या अंतरात फुटतं. लोक पाचशे रुपये वाचवायला लांबची रूम घेतात आणि मग रोज सकाळ-संध्याकाळ टॅक्सीला त्याच्या दुप्पट-तिप्पट घालवतात. इचलकरंजीवाल्यांना स्वतःच्या गाडीचा फायदा म्हटलं तो हाच. म्हणून आधी फिरणार कशाने ते ठरवा आणि मग रूम.

ठाण्याहून तर रेल्वे सोडून विमान का, हाच माझा प्रश्न आहे. कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी सगळ्या ठाण्याला थांबतात. म्हापसा-कळंगुटकडे जायचं तर थिवी, पणजीला करमळी, दक्षिणेला मडगाव, तिथून काणकोणला बस मिळते. रिझर्वेशन आता १२० दिवस आधी नाही, ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पासून), सुट्टीच्या तारखांना पहिल्याच सकाळी बसावं लागतं हे खरं. एअरपोर्टवरूनही कदंबच्या बस सुटतात. फक्त रात्रीची उतरणी असेल तर बसवर विसंबू नका, आठनंतर गोव्यात बस विरळ होतात.

आत फिरायला स्कूटर भाड्याने घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची प्रायव्हेट गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा, पोलिसांनी धरलं किंवा पडझड झाली की निस्तरायला तुम्हीच. एकटे असाल तर ‘पायलट’ आहेतच, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, पिवळ्या मडगार्डवाली, बसण्याआधी भाडं ठरवून घ्यायचं.

प्रश्न : मासे खायलाच जातो आम्ही. पण गेल्या वेळी एका सुरमईच्या तुकड्याचं बिल बघून घास घशात अडकला. थाळीवाली खानावळ कशी ओळखायची?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दुपारी एक वाजता बँकेतले, पंचायतीतले आणि ट्रकवाले लोक जिथे घुसतात ती. थाळीत भात, हुमण (माशाची आमटी), किसमूर (सुक्या माशाची कोशिंबीर), तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी आणि एक छोटा तळलेला मासा, बहुतेक बांगडा, एवढं येतं, ते ठरलेल्या भावात. खिसा कापला जातो तो वेगळ्या मागवलेल्या फ्रायमध्ये. मेनूवर भावाच्या जागी ‘साइजप्रमाणे’ लिहिलेलं असतं, तर मासा डोळ्याने बघा, हाच तुकडा कितीला ते विचारा आणि मगच तव्यावर जाऊ द्या, यात लाजण्यासारखं काही नाही, गोव्याची माणसंसुद्धा विचारतात. सुरमई, पापलेट, चोणक महागच राहणार, बांगडे आणि तारले खा की, ताजे असले तर चवीला काय कमी आहेत?

जून-जुलैमध्ये जाणार असाल तर १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, तेव्हा मासा कमी आणि महाग. पण रूम त्याच काळात स्वस्त, तेव्हा काय हवं ते तुम्ही ठरवा. नाश्ता हॉटेलात पॅकेजमध्ये घेऊ नका, कुठल्याही गावात सकाळी पातळ भाजी-पाव आणि मिरची भजी मिळतात, संध्याकाळी गाड्यावर रस ऑम्लेट. आणि बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो ऐच्छिक आहे, काढायला सांगता येतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तसं म्हटलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने तेच उचलून धरलं. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के, बड्या हॉटेलच्या आतल्या रेस्टॉरंटमध्ये १८ सुद्धा लागतो.

प्रश्न : सगळे म्हणतात गोव्याच्या पैशात थायलंड होतं. खरंय का?
— चार मैत्रिणी, पुणे

उत्तर : होतं, जर तुम्ही गोव्यात न्यू इयरचा व्हिला धरला आणि थायलंडचं ऑफ सीझनचं पॅकेज. रीलमध्ये अशीच तुलना करतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने आपल्यासाठी व्हिसाची अट काढली, त्यामुळे तेव्हा एक खर्च गेला, आणि तिथली टॅक्सी अ‍ॅपवर मिळते हा मोठा आराम, ते मान्य. पण विमानाचं येणं-जाणं चौघींचं लावा आणि मग बोला. पुण्याहून तुम्ही शुक्रवारी रात्री बसने निघून गोव्यात शनिवारी नाश्ता करता, हे थायलंडला जमत नाही. आठ दिवस हातात असतील तर जरूर जा, तीन दिवसांसाठी नको.

प्रश्न : आम्ही दोघंही रिटायर्ड. कुलदैवत गोव्यात. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत तर मार्च २०२० मध्ये गेली ती गेलीच. देवळाच्या अग्रशाळेत राहणं जमेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काका, जमेल. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळेची शांतादुर्गा, रामनाथी, बांदोड्याचा नागेश, ही सगळी फोंडा तालुक्यात एकमेकांजवळ आहेत, म्हणून एकाच अग्रशाळेत मुक्काम करून बाकीची बस-रिक्षाने होतात. प्रत्येक देवस्थानचे नियम वेगळे, काही ठिकाणी कुळावी (ज्यांचं ते कुलदैवत) आणि महाजनांना (देवस्थानचे परंपरेने मानकरी) आधी खोली, तेव्हा देवस्थानच्या ऑफिसात आधी फोन करा आणि जत्रेचे दिवस विचारून घ्या. सामिष आणि मद्य चालत नाही. समुद्र लांब आहे, पण काकूंचे गुडघे दुखत असतील तर वाळूत चालण्यापेक्षा हे बरं.

प्रश्न नाही, तक्रार : मी डिचोलीची. तुम्ही सगळे गोवा महाग झाला म्हणता, पण आम्ही तर इथेच राहतो. पणजीत नोकरीसाठी साधी खोली भाड्याने बघायला गेले तर मालकीण म्हणते रोजच्या भाड्याने टूरिस्टना देते, महिन्याने परवडत नाही. चांगला मासा हॉटेलात जातो. आणि पर्यटक येऊन आमच्या बाजारातल्या बाईशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतात आणि रात्री क्लबात हजारो उडवतात.
— एक वाचक

उत्तर : ताई, तुमचं पत्र कापाकापी न करता छापलंय. जो महागाईचा फटका आम्हाला चार दिवस बसतो तो तुम्हाला बाराही महिने बसतो, आणि पगार काही टूरिस्ट सीझनप्रमाणे वाढत नाही. यावर माझ्याकडे उपाय नाही, तो सरकारच्या हातात आहे, रोजच्या भाड्याने किती घरं द्यायची यावर जगातल्या बऱ्याच शहरांनी बंधनं घातलीत.

बाकी वाचकांनी मात्र वाचून ठेवा. स्वस्तात करायचं म्हणजे गॅस शेगडी घेऊन बीचवर नाहीतर रस्त्याच्या कडेला स्वयंपाक मांडायचा नाही, २०१९ पासून गोव्यात उघड्यावर स्वयंपाक आणि दारू दोन्हींवर दंड आहे, आणि तो कचरा डिचोलीच्या ताईंच्याच गावाला उचलावा लागतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जा, चोरीस (गोव्याचं मसालेदार सॉसेज) घ्या, मिरची घ्या, घरगुती नारळाचं तेल घ्या, भाव विचारा, पण म्हातारीला रडवू नका हो. आणि खरंच बजेट नसेल तर तेरेखोल नदीच्या अलीकडे शिरोडा, रेडी, वेंगुर्ला आहेच. मोपाहूनसुद्धा शिरोडा जवळ पडतं, घरगुती खोल्या मिळतात, जेवण मालवणी. केरीला फेरीने उतरून एक दिवस गोवा बघून परत येता येतं.

प्रश्न : इन्स्टावर अर्ध्या किमतीत व्हिला दिसला, अर्धे पैसे आधी मागतायत. भरू का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नका भरू. गोव्यात पर्यटकांना खोली भाड्याने देणाऱ्याला पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, १९८२ चा कायदाच आहे तसा. तो नोंदणी नंबर मागा, व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा, गावाचं नाव विचारा. टाळाटाळ केली किंवा ‘आज रात्रीपर्यंतच ऑफर’ असं म्हणाले की ब्लॉक करा आणि आम्हालाही त्यांचा फोन नंबर पाठवा, पुढच्या अंकात तुमचं नाव न छापता लोकांना सावध करू.