डॅन्यूबची सफर नंतर, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न: वय ६०, नाशिकला राहतो, नुकताच निवृत्त झालो. पेन्शन ३० हजार, घरखर्च ४५ हजार. सीनियर सिटिझन स्कीममध्ये ३० लाख, एफडीत २० लाख. पुढच्या ऑक्टोबरात पत्नीसह न्यूरेंबर्ग ते बुडापेस्ट सात रात्रींची डॅन्यूब नदीवरची क्रूझ करायची आहे. दोघांचे ९ लाख. आत्ताच सगळे भरले तर १० टक्के सूट. भरावेत का? पुढच्या सफरींसाठी बँकेच्या सल्ल्याने गॅरंटीड इन्कम पॉलिसी घेतली आहे : हप्ता वर्षाला ५ लाख, १० वर्षे; मिळणार १२व्या वर्षाअखेरपासून २० वर्षे दरसाल ५ लाख. कागद १८ दिवसांपूर्वी आले.

उत्तर: क्रूझचं नंतर बोलू. पॉलिसी परत करायला तुमच्याकडे १२ दिवस उरले आहेत.

कागद हातात आल्यापासून ३० दिवस ‘फ्री लुक’ असतो. या मुदतीत किरकोळ कपात होऊन हप्ता परत मिळतो, नंतर त्यातला मोठा भाग बुडतो. अर्ज बँकेकडे देऊ नका, तिथे तुमची समजूत घालण्यात आठवडा जाईल. थेट विमा कंपनीच्या शाखेत कारणासह लेखी अर्ज, मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक द्या, पोच घ्या, त्याच दिवशी ईमेलही करा. ई-पॉलिसी आधी आली असेल तर दिवस त्या तारखेपासून मोजा. ऑटो-डेबिट बंद करा. कंपनी टाळाटाळ करू लागली तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा.

५० लाख भरून दरसाल ५ लाख, म्हणजे ‘१० टक्के’ असं तुम्हाला सांगितलं असणार. हे दिशाभूल करणारं गणित आहे. पैसे अडकण्याचा काळ धरला तर परतावा सव्वाचार टक्क्यांच्या आसपास येतो, आणि पहिला पैसा हाती येईल तेव्हा तुम्ही ७२ वर्षांचे असाल! सीनियर सिटिझन स्कीम आज ८.२ टक्के देते.

हप्ता येणार कुठून? पेन्शन ३.६ लाख, स्कीमचं व्याज अडीच लाख, क्रूझनंतर उरलेल्या ११ लाखांच्या एफडीचं पाऊण लाख, असे मिळून पावणेसात-सात लाख. घरखर्च ५.४ लाख. उरतो दीड लाख, हप्ता ५ लाख. महागाई धरून एफडी तिसऱ्या वर्षीच संपेल. निवृत्त माणसाला दहा वर्षांचा हप्ता विकणाऱ्याने हे पाच मिनिटांचं गणित करायलाच हवं होतं.

पॉलिसीचे पैसे परत आले की एफडी २५ लाख होते, त्यातून क्रूझ झेपते. मात्र दरवर्षी नाही. आणि नोकरीतल्या कंपनीचा आरोग्यविमा निवृत्तीबरोबर संपला असेल, तर बुकिंगआधी दोघांचा स्वतंत्र विमा घ्या.

आता सूट. ९० हजारांपैकी ५५-६० हजार हे तुमच्याच पैशाचं वर्षाचं व्याज. उरलेल्या तीसेक हजारांसाठी सगळी रक्कम वर्षभर टूर कंपनीकडे अडकवू नका. बुकिंग रक्कम भरा, बाकी व्हिसा हातात आल्यावर देता येईल का ते लेखी विचारा. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) अर्ज प्रवासाआधी फार तर सहा महिने करता येतो. टीसीएस (सहलीच्या रकमेवर आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जाईल, तो रिटर्नमध्ये वळता होतो, खर्चात धरू नका.

मार्गही बदला. तुमच्या मार्गावर जर्मनीत श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या सुमारे ७० किलोमीटरच्या पट्ट्यात नदीवर बंधारा नाही. शरद ऋतूत पाणी उतरलं की मोठी जहाजं तिथे अडतात आणि प्रवाशांना बसने पुढे नेतात. बहुतेक करारांत याची भरपाई नसते. त्याच्या पुढच्या पासाऊ शहरातून सुटणारी क्रूझ घेतलीत तर हा पट्टा टळतो. पुढे व्हिएन्नापर्यंत बंधाऱ्यांमुळे पाणी बरंच स्थिर असतं, ऑस्ट्रियातल्या वाखाऊ खोऱ्याचा भाग सोडून. पूर आला तर मात्र तिथलीही वाहतूक थांबते, सप्टेंबर २०२४ मध्ये थांबली होती.

कमी खर्चात नदी पाहायची असेल, तर व्हिएन्नात मुक्काम करा. वाखाऊतल्या मेल्क ते क्रेम्स या गावांदरम्यान दिवसाची बोट आहे. द्राक्षमळ्यांचं वाखाऊ खोरं हाच या नदीचा सर्वांत देखणा भाग. प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे मेल्कहूनच बसा, उलट दिशेला बराच जास्त वेळ लागतो. व्हिएन्नाहून स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हापर्यंत कॅटामरान (वेगवान बोट) सव्वा तासात नेते, बुडापेस्टला रेल्वेने जा.