पायाचा अंगठा: वाचकांचे प्रश्न, उत्तरे

प्रश्न : धावण्याचा सराव वाढवल्यापासून चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. एक्स-रेत तिथे खड्यांसारखी दोन बारीक हाडं दिसली. त्यातलं आतल्या बाजूचं हाड दोन तुकड्यांत आहे. ते मोडलंय का? (वय २३, सांगली)

ही दोन हाडं सगळ्यांनाच असतात. त्यांना सेसमॉइड म्हणतात. पावलाची म्हणून जी २६ हाडं सांगतात, त्यांत ती धरलेली नसतात. अंगठा खाली दाबणाऱ्या छोट्या स्नायूच्या कंडरेत, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत, ती बसवलेली असतात, जशी मांडीच्या स्नायूच्या कंडरेत गुडघ्याची वाटी असते. दोन हाडांच्या मधल्या खोबणीतून अंगठा वळवणारी लांब कंडरा जाते. पाऊल उचलताना शरीराचा भार चवड्यावर येतो, तेव्हा ही कंडरा हाड आणि जमिनीच्या मध्ये चिरडत नाही ती यांच्यामुळे. शिवाय ती कंडरेला सांध्यापासून जरा दूर उचलून धरतात, म्हणून अंगठ्याचा रेटा वाढतो.

आतल्या बाजूचं सेसमॉइड काही जणांत जन्मतःच दोन भागांत असतं. अशा तुकड्यांच्या कडा गोलसर, गुळगुळीत असतात आणि दोन्ही तुकडे जोडून पाहिले तर ते नेहमीच्या हाडापेक्षा मोठं भरतं. मोडलेल्या हाडाच्या कडा खडबडीत असतात आणि तुकडे एकमेकांत नीट बसतात. दुसऱ्या पायाचाही एक्स-रे काढून तुलना करा. तिथेही तसंच दिसलं तर जन्मजात असण्याची शक्यता वाढते. तरीही शंका राहिली तर एमआरआय करावा, कारण या हाडांना रक्तपुरवठा बेताचाच असतो आणि मोड दुर्लक्षित राहिली तर ती भरून यायला फार वेळ लागतो.

तोवर धावणं आणि उड्या बंद. बुटात ५-६ मिलिमीटर जाडीची फेल्टची गादी लावा, पण दुखऱ्या जागेच्या खाली नाही. इथे बहुतेकांची चूक होते. गादी दुखऱ्या जागेच्या मागे आणि बाजूने, इंग्रजी यू अक्षरासारखी लावायची, म्हणजे ती जागा पोकळीत मोकळी राहते.

प्रश्न : अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला हाड वाढलंय. अंगठा दुसऱ्या बोटाकडे कलत चाललाय. घासून हाड काढता येईल का? बाजारात मिळणारे पट्टे लावून अंगठा सरळ होईल का? (वय ५२, नाशिक)

बहुतेक वेळा हाड वाढलेलं नसतं, सरकलेलं असतं. अंगठ्याच्या मुळाशी पावलाचं पहिलं लांब हाड, म्हणजे पहिलं मेटाटार्सल असतं. त्याचं डोकं आतल्या बाजूला झुकतं, बाहेर येतं आणि अंगठा उलट दिशेला वळतो. एक्स-रेत मेटाटार्सल आणि अंगठ्याच्या हाडामधला कोन १५ अंशांच्या वर गेला की त्याला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. उंचवट्यावर जी लाल, सुजलेली गादी दिसते ती चपलेच्या घासण्याने तयार झालेली पाण्याची पिशवी.

पुढे काय होतं ते समजून घेतलं की उपायही समजतो. अंगठ्याच्या कंडरा सरळ रेषेत असतात तोवर त्या त्याला खाली दाबतात. अंगठा कलला की त्याच कंडरा धनुष्याच्या दोरीसारख्या त्याला आणखी बाहेर ओढतात. मघाची सेसमॉइड हाडं आपल्या खोबणीतून निसटतात. अंगठा भार घेईनासा होतो, तो भार दुसऱ्या-तिसऱ्या मेटाटार्सलवर जातो आणि चवड्याच्या मध्यभागी कुरूप होतं. म्हणजे अंगठा कलल्याची तक्रार दुसऱ्या बोटाखाली दिसते. ते कुरूप कितीही वेळा कापलं तरी परत येतं.

म्हणून फक्त उंचवटा घासून टाकला तर हाड झुकलेलंच राहतं आणि त्रास बहुधा परततो. शस्त्रक्रिया करायचीच झाली तर मेटाटार्सल कापून सरकवून स्क्रूने बसवतात. त्यानंतर साधारण ६ आठवडे कडक तळाचा खास बूट घालावा लागतो आणि सूज पूर्ण जायला काही महिने लागतात. दुखत नसेल तर केवळ दिसण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पट्टे आणि बोटांमधल्या सिलिकॉनच्या गाद्या घातलेल्या असतात तोवर आराम देतात. हाड जागेवर आणत नाहीत.

चपलेचं मात्र मनावर घ्या. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, कागदावर उभं राहून पावलाची बाह्यरेषा काढा. बूट त्या रेषेवर ठेवा. रेषा बाहेर दिसली तर तो बूट तुमचा नाही. सर्वांत लांब बोटापुढे १ सेंटिमीटर जागा हवी. अंगठा अडकवायची वादी असलेली कोल्हापुरी घालत असाल तर वादीची कड नेमकी त्या उंचवट्यावर येते का ते पाहा. येत असेल तर ती चप्पल सध्या बाजूला ठेवा.

प्रश्न : अंगठा वरच्या बाजूला वळतच नाही. उकिडवं बसताना आणि चढ चढताना सांध्यावर कळ येते. वर हाडाची गाठ हाताला लागते. (वय ५८, रत्नागिरी)

ही सांध्याच्या झिजेची लक्षणं आहेत, हॅलक्स रिजिडस. चालताना टाच उचलली की अंगठा जवळपास ६० अंश वर वळावा लागतो. सांध्याची कूर्चा झिजली की वरच्या कडेला हाडाचा टोकदार भाग वाढतो आणि दरवाज्यात पाचर मारावी तसा अंगठा तिथे अडतो.

एक छोटी चाचणी घरी होते. दोन्ही पायांवर समान भार देऊन उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तुमचा अंगठा वर उचलायला सांगा. निरोगी पायात अंगठा उचलला की पावलाची आतली कमान आपोआप वर येते. तळपायाची जाड पट्टी, प्लांटर फॅशिया, टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंत गेलेली असते आणि अंगठा वळला की ती रहाटावरच्या दोरासारखी गुंडाळली जाते. तुमचा अंगठा मुळातच वळत नसल्याने पायाला हा ताठपणा मिळत नाही. म्हणून अनेक जण पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालू लागतात आणि मग घोटा दुखू लागतो.

मऊ, लवचिक बूट इथे त्रास वाढवतो. तळ कडक आणि पुढून किंचित वर वळलेला असावा, म्हणजे अंगठ्याच्या वळणाचं काम बूटच करतो. जबरदस्तीने अंगठा वर ताणण्याचे व्यायाम करू नका, हाडाला हाड घासतं. याने भागलं नाही तर वरचा टोकदार भाग काढण्याची किंवा सांधा जोडून टाकण्याची शस्त्रक्रिया असते.

प्रश्न : मध्यरात्री अंगठा लालबुंद सुजला, चादरीचा स्पर्शही सोसवेना. युरिक ॲसिड तपासलं तर नॉर्मल आलं. मग हा गाऊट नाही का? डाळी बंद करू का? (वय ४६, ठाणे)

झटक्याच्या वेळी युरिक ॲसिड नॉर्मल दिसू शकतं. त्यावरून गाऊट, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक साचून येणारी सूज, नाही असं म्हणता येत नाही. झटका ओसरल्यावर किमान दोन आठवड्यांनी परत तपासा. १०० मिलिलिटर रक्तात हे प्रमाण साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की स्फटिक बनू लागतात आणि थंड जागी ते लवकर बनतात. अंगठा हृदयापासून दूर, शरीराच्या मानाने गार. गाऊटला तो आवडण्याचं हे एक कारण. खात्री सांध्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते. ताप असेल किंवा पायाला जखम असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, सांध्यात जंतुसंसर्गही असाच दिसतो.

डाळी, पालक, टोमॅटो बंद करून फारसा फायदा होत नाही. बिअर, गोड शीतपेयं, कलेजी-भेजा आणि तारलीसारखी मासळी कमी करा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, ती युरिक ॲसिड वाढवते. मात्र मनाने बंद करू नका.

प्रश्न : अंगठ्याचं नख कडेने मांसात रुततं. कड खोल कापली की आठवडाभर बरं वाटतं, पुन्हा तेच. (वय १९, पुणे)

कोपरा खोल कापल्यानेच परत होतं. आत उरलेला बारीक काटा नख वाढताना मांसात घुसतो. नख सरळ कापा, कोपरे मांसाच्या थोडे पुढे राहू द्या. दिवसातून दोनदा १५ मिनिटं कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवा आणि कोपऱ्याखाली स्वच्छ कापसाची बारीक वात सरकवून रोज बदला. पू आला, कडेला लाल मांस वाढलं किंवा तुम्हाला मधुमेह असेल तर हे घरी करायचं नाही. डॉक्टर अंगठा बधिर करून नखाची फक्त ती कड मुळापर्यंत काढतात आणि मुळाला फिनॉल लावतात, म्हणजे तेवढी पट्टी पुन्हा उगवत नाही. संपूर्ण नख उपटायचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. अंगठ्याचं नख पुन्हा पूर्ण यायला १२ ते १८ महिने लागतात.

प्रश्न : शेतात तासन् तास उकिडवं बसून खुरपणी केल्यावर अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात वरच्या बाजूला बधिर होतं. (वय ३९, जुन्नर)

त्या बेचक्याची संवेदना नेणारी नस गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पोटरीच्या बारीक हाडाच्या मानेभोवतीने येते. तिथे ती कातडीच्या अगदी खाली असते आणि उकिडवं बसल्यावर दबते. दर १५-२० मिनिटांनी उठून पाय मोकळे करा, शक्य असेल तर बुटक्या पाटावर बसा. पाय मोकळे केल्यावर काही मिनिटांत बधिरपणा जात असेल तर चिंता नको. पण अंगठा वर उचलून धरा आणि दुसऱ्याला बोटाने तो खाली दाबायला सांगा. तो सहज खाली गेला किंवा चालताना पाऊल फरशीवर आपटू लागलं तर नसेची तपासणी लवकर करून घ्या. कंबरही दुखत असेल तर मणक्यातून निघणारी नस दबली असण्याची शक्यता तपासावी लागते. त्याबरोबर लघवी अडत असेल किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर वाटत असेल तर उशीर न करता लगेच रुग्णालयात जा.