वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर पित्ताशयात खडे झाले. पित्ताशय तेव्हाच काढून टाकायला हवं होतं का?

तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण ती मला झोंबली. बायकोची स्लीव्ह सर्जरी (जठराचा मोठा भाग काढून ते नळीसारखं बारीक करतात ती) झाली, वजन भराभर उतरलं, आता सोनोग्राफीत खडे दिसले आणि "आई म्हणते, शॉर्टकट मारला त्याचं हे फळ." हे वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाकडून इतक्यांदा ऐकलंय की वाचतानाही त्याचाच आवाज कानात आला.

खडे होतात ते वजन झपाट्याने उतरल्यामुळे. चरबी वितळते, तिच्यातलं कोलेस्टेरॉल यकृतातून पित्तात येतं, आणि पाकात साखर जास्त झाली की ती खाली बसते तसं ते बसायला लागतं. त्यात खाणं एवढंसं, तेही बिनतेलाचं, म्हणून पित्ताशय नीट रिकामं होत नाही आणि पित्त साचून राहतं. ऑपरेशन न करता नुसत्या ज्यूसवर राहून महिनोन्‌महिने उपाशी राहणाऱ्यांनाही हेच होतं. त्यांना कोणी शॉर्टकट म्हणत नाही. उलट कौतुक होतं.

माझीही स्लीव्हच. डिस्चार्ज कार्डावर अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडची गोळी सहा महिन्यांसाठी लिहिलेली होती. आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी ते कार्ड बघितलं आणि म्हणाले, "ही लिव्हरची गोळी, तुमचं लिव्हर ठणठणीत आहे, कशाला पैसे घालवता?" ते दादाचे मित्र, शिवाजी पार्कला सकाळी त्याच्याबरोबर फेऱ्या मारणारे. त्यांच्या सांगण्यावरून गोळी बंद झाली. ही गोळी पित्तात खडे धरू नयेत म्हणूनच देतात. १९९५ साली अमेरिकेत वजन कमी करायची बायपास (जठराची, हृदयाची नव्हे) झालेल्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला होता: सहा महिन्यांत नुसती खोटी, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के लोकांना खडे झाले, रोज ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी २ टक्के. पैसे कशाला घालवायचे, तर यासाठी.

मग गणपतीत दादाकडे जेवायला गेले. वहिनीने एकच उकडीचा मोदक वाढला, त्यावर मात्र तुपाची धार सढळ हाताने. रात्री छातीच्या खाली, मधोमध, असं काही आवळल्यासारखं दुखायला लागलं की बसवेना, झोपवेना, उजव्या खांद्यामागे कळ. दोन-तीन तासांनी आपोआप थांबलं. डॉक्टर म्हणाले अ‍ॅसिडिटी, आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी दिली. दादा म्हणाला, "जिभेवर ताबा नाही, मग भोगा." एका मोदकावर! पुढच्या वेळी दुखलं तेव्हाही अ‍ॅसिडिटीच. शेवटी मी स्वतः जाऊन पोटाची सोनोग्राफी करून घेतली.

त्या बाईंनी गार जेली लावून बरगडीखाली यंत्र फिरवलं आणि म्हणाल्या, "डाव्या कुशीवर वळा." वळले. स्क्रीनवर पांढरे ठिपके होते, प्रत्येकाच्या मागे काळी सावली, आणि मी वळल्याबरोबर ते सगळे घरंगळून दुसरीकडे गेले. "सरकतायत ना, म्हणजे खडेच." अ‍ॅसिडिटीच्या गोळीने यांचं काय होणार होतं?

यानंतर घरात जे झालं ते विचारू नका. दादाने कुळथाचं कढण पाठवलं. अहो, ते मुतखड्यासाठी! खडा कुठे, औषध कुठे. मग कुणीतरी त्याला सफरचंदाचा रस, लिंबू आणि ऑलिव्ह ऑइलचा प्रयोग सांगितला, ज्यात सकाळी हिरवे गोळे पडतात. ते गोळे म्हणजे तेलाचाच पोटात झालेला साबण असतो, खडे जिथल्या तिथे. आणि ऑपरेशनचं नाव काढलं की "एकेक अवयव काढत बसणार का?" आमच्या आईचं पित्ताशय ऐंशीच्या दशकात पोट उघडून काढलं होतं, बरगडीखाली वीतभर व्रण होता, तो त्याच्या डोक्यातून जात नाही. ते समजू शकते. पण आई बारीक होती, तिने आयुष्यात कुठलंही वजनाचं ऑपरेशन केलं नव्हतं, तरी खडे झालेच ना? याचं उत्तर दादाने अजून दिलेलं नाही. आणि दुर्बिणीतून पित्ताशय काढणं हे काही नवं खूळ नाही. १९९० साली याच मुंबईत, जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेम्टन उदवाडियांनी ते भारतात पहिल्यांदा केलं. माझंही तसंच झालं, चार बारीक भोकं, दुसऱ्या दिवशी घरी. काही दिवस तेलकट खाल्लं की पोट बिघडायचं, आता तेही नाही.

आता तुमचा प्रश्न. तेव्हा खडे नव्हते, तर सर्जनने पित्ताशय ठेवलं ते बरोबरच केलं. चांगला अवयव "पुढे काही झालं तर" म्हणून सहसा काढत नाहीत, कारण बहुतेकांना पुढे त्रास होतच नाही. आधीच खडे असून दुखत असतं, तर एकाच वेळी दोन्ही करण्याचा विचार झाला असता. आता काढावं लागेल का, हे बायकोला दुखतंय की नाही यावर आहे, आणि नेमकं तेच तुम्ही लिहिलं नाहीत. आईंचं मत लिहिलंत. दुखत असेल तर काढायलाच सांगतील. खडे नुसते रिपोर्टात दिसले असतील तर बरेच सर्जन थांबून लक्ष ठेवा म्हणतात. झालेले खडे गोळीने विरघळतील या भरवशावर मात्र राहू नका.

मी डॉक्टर नाही, बँकेत कॅशवर बसते, तेव्हा रिपोर्ट घेऊन ज्यांनी स्लीव्ह केली त्यांच्याकडेच आधी जा. मेडिक्लेम नवा असेल तर अटी वाचा, पित्ताशयाच्या खड्यांना बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांची थांबण्याची अट असते. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, थंडी वाजून ताप आला किंवा दुखणं थांबेचना, तर खडा पित्ताच्या नळीत अडकलेला असू शकतो, रात्र असली तरी लगेच इमर्जन्सीत न्या. हे वाचणाऱ्या कुणाची वजनाची बायपास झाली असेल तर त्यांनी हे तिथल्या डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगावं. बायपासमध्ये आतड्याचा रस्ता बदललेला असतो, त्यामुळे तोंडातून दुर्बीण घालून नळीतला खडा काढणं अवघड जातं. स्लीव्हमध्ये तो रस्ता तसाच राहतो.

आणि आईंना एवढंच विचारा, सून नुसत्या उपासांनी इतकी बारीक झाली असती आणि खडे झाले असते, तर त्यांनी कुणाला बोल लावला असता?