बेडगी, बेगडी की संकेश्वरी?

प्रश्न असा आहे: ‘किराणा दुकानातून सुक्या लाल मिरच्यांच्या दोन पुड्या आणल्या. एकीतल्या मिरच्या लांब, गर्द लाल आणि सुरकुतलेल्या आहेत. दुकानदार त्यांना “बेगडी” म्हणाला, आमच्या आत्या “संकेश्वरी” म्हणतात. दुसरीतल्या बारीक, गुळगुळीत आणि जहाल तिखट आहेत, त्या पुडीवर “लवंगी” लिहिलं आहे. पहिली मिरची नेमकी कोणती? आणि दिसायला लाल पण तिखट नाही, म्हणून तिला “बेगडी” म्हणतात का?’

आधी शेवटची शंका. बेगड म्हणजे मखराला, बाशिंगाला लावतात तो चकचकीत रंगीत पत्रा. त्यावरून बेगडी म्हणजे दिखाऊ, खोटं. अंगावर भडक लाली आणि जिभेला फारसं न झोंबणारी मिरची, तेव्हा हा अर्थ चपखल बसल्यासारखा वाटतो. पण या नावाचा बेगडाशी काही संबंध नाही. मूळ शब्द ब्याडगी. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातलं हे गाव, मिरचीची मोठी बाजारपेठ. मराठी तोंडात ‘ब्या’चा ‘बे’ झाला आणि बेडगी हे रूप रुळलं. पुढे बोलण्याच्या ओघात ‘ड’ आणि ‘ग’ यांची अदलाबदल झाली की होते बेगडी. असा वर्णविपर्यय बोलीत होतच असतो, पण इथे उलटापालट झालेला शब्द नेमका अर्थ असलेला दुसरा शब्द निघाला, म्हणून ही कथा खरी वाटते. माझं मत विचाराल तर बोलताना बेडगी, लिहिताना बेडगी किंवा ब्याडगी, दोन्ही चालतील. बेगडी मात्र लिहू नये. त्या मिरचीवर तो अन्याय आहे. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिनचा असतो आणि लाली कॅप्सँथिनसारख्या रंगद्रव्यांची. एक कमी म्हणून दुसरं खोटं ठरत नाही. ब्याडगीची सारी कीर्ती तिच्या रंगावर उभी आहे, तिच्यापासून काढलेला लाल अर्क खाद्यपदार्थांत वापरला जातो. २०११ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं.

या नावातली खरी गंमत शेवटच्या ‘ई’त आहे. संकेश्वरी, भिवापुरी, काश्मिरी ही विशेषणं गावाच्या किंवा प्रदेशाच्या नावाला ‘ई’ लावून झाली आहेत. त्याच चालीवर बेडगी ऐकलं की मूळ गाव ‘बेडग’ असावं असं वाटतं, आणि मिरजेजवळ बेडग नावाचं गाव खरोखरच आहे! पण या मिरचीचं नाव त्या गावावरून आलेलं नाही. ब्याडगीतला ‘ई’ गावाच्या नावातलाच आहे, तो प्रत्यय नव्हे. गावाचं नाव जसंच्या तसं मिरचीला मिळालं.

लवंगीचा ‘ई’ आणखी तिसरा. लवंग नावाच्या गावची म्हणून ती लवंगी नाही, लवंगेसारखी इवलीशी म्हणून लवंगी. फटाक्यांच्या लवंगी माळेतही हाच अर्थ आहे. म्हणजे वाण्याच्या फळीवर शेजारी शेजारी मांडलेल्या नावांपैकी एक मुलूख सांगतं, दुसरं आकार. गुंटूर सन्नम या नावात तर दोन्ही आहेत: आंध्रातलं गुंटूर आणि ‘बारीक’ या अर्थाचा सन्नम. रेशमपट्टीच्या नावात तिचं रूपडं आहे. ‘काश्मिरी’ची गोष्ट वेगळीच. हे नाव प्रदेशाचं, पण बाजारात आता ते ‘लालभडक रंगाची, कमी तिखट’ या गुणासाठी चालतं आणि काश्मीरबाहेर पिकलेली मिरचीही या नावाने विकली जाते. (पुड्यांवर ‘काश्मीरी’ असं, ‘मी’ दीर्घ काढलेलं दिसतं. मूळ शब्द काश्मीर असला तरी ‘ई’ लागल्यावर ‘मि’ ऱ्हस्व होतो. कोल्हापूर–कोल्हापुरी, भिवापूर–भिवापुरी, तसंच हे.)

आता तुमची पहिली पुडी. दुकानदार आणि आत्या यांच्यात मतभेद व्हावा, हे अगदी स्वाभाविक आहे. ब्याडगी आणि संकेश्वरी या दोन्ही मिरच्या गर्द लाल, दोन्हींच्या सालीवर सुरकुत्या, आणि दोन्ही कर्नाटकातल्याच. संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात, हुक्केरी तालुक्यात. तिथून गडहिंग्लज जवळ, म्हणून कोल्हापूरकडच्या घरांना ती मिरची आपलीच वाटते. फरक लांबीचा आहे. ब्याडगी साधारण १२ ते १५ सेंटिमीटर असते. संकेश्वरी-३२ या वाणाची मिरची २० ते २५ सेंटिमीटर, साल पातळ आणि बिया कमी. वाळलेली मिरची वेडीवाकडी होते, तेव्हा दोन-तीन मिरच्या कोमट पाण्यात भिजवून सरळ करा आणि मग वीत लावून पाहा. वीतभर भरली तर आत्यांचं म्हणणं खरं. वितीला चांगली कमी पडली आणि चवीला सौम्य लागली तर ब्याडगी. ब्याडगीतही दोन प्रकार आहेत. आखूड आणि फुगीर ती डब्बी, सडपातळ ती कड्डी. कानडीत कड्डी म्हणजे काडी. तुम्ही केलेल्या वर्णनावरून माझा कौल ब्याडगी कड्डीकडे झुकतो, पण वीत लावल्याशिवाय आत्यांना तसं सांगू नका.

दुसऱ्या पुडीवरचं ‘लवंगी’ मी जरा तपासून घेईन. बारीक आणि जहाल असलेली कोणतीही मिरची बाजारात या नावाखाली खपते. आंध्र-तेलंगणातली तेजाही सडपातळ, गुळगुळीत आणि चांगलीच तिखट असते, पण ती बोटभर लांब. तुमच्या मिरच्या बोटाच्या दोन पेरांहून लांब असतील तर ती तेजा असण्याचा संभव जास्त. पेराएवढ्याच असतील तर पुडीवरचं नाव बरोबर आहे.

जाता जाता, गडहिंग्लजकडे ‘जवारी मिरची’ हा शब्द कानावर पडेल. ही वेगळी जात समजू नका. उत्तर कर्नाटकातल्या कानडीत जवारी म्हणजे गावठी, आपल्या मातीतलं, आणि सीमाभागातल्या मराठीतही तो याच अर्थाने रुळला आहे. तेव्हा जवारी मिरची म्हणजे संकरित नसलेली, इथलीच. कुठली, ते मात्र विकणाऱ्यालाच विचारावं लागेल.